माइनक्राफ्ट सर्व्हरसाठी ‘पेपर’वर प्लगिन लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घराच्या माडीवर दर शनिवारी दुपारी डिप्लोमाची आणि अकरावी-बारावीची काही मुले आपापले लॅपटॉप घेऊन जमतात आणि माइनक्राफ्टच्या सर्व्हरसाठी जावा भाषेत प्लगिन, म्हणजे सर्व्हरला नवे काम शिकवणारी छोटी जोड, लिहितात. त्यांनी मला विचारलेले आणि त्यांच्या आधी मी स्वतः ज्यांच्यापाशी अडलो होतो असे प्रश्न पुढे एकत्र केले आहेत. जावा येत नाही म्हणून मुले सोडून जात नाहीत. सेटअप बसत नाही म्हणून जातात, असा माझा अनुभव आहे. आणि सेटअप न बसण्याचे कारण बहुतेक वेळा एकच निघते, ते म्हणजे जावा, सर्व्हर आणि एपीआय (ज्याच्या आधारे प्लगिन सर्व्हरशी बोलते तो क्लासांचा संच) या तिघांच्या आवृत्त्यांचा मेळ नसणे.

फाईल, क्लास आणि कमांड यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत. उदाहरणासाठी सगळीकडे ‘पूल’ हे एकच प्लगिन घेतले आहे. मुलांनी खेळात सांगलीतला कृष्णेवरचा १९२९ सालचा आयर्विन पूल बांधला आहे, आणि या प्लगिनकडे दोन कामे आहेत: तो पूल कोणाला फोडू न देणे, आणि कमांड दिली की कृष्णेचे पाणी सांगितलेल्या फुटांपर्यंत चढवणे. हा फुटांचा हिशेब सांगलीकराला समजावून सांगावा लागत नाही.

बकिट, स्पिगॉट आणि पेपर ही तिन्ही नावे ऐकू येतात. यांतले फ्रेमवर्क नेमके कोणते, आणि सुरुवात कशापासून करावी?

माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीने दिलेल्या मूळ सर्व्हरमध्ये प्लगिनची सोय नाही. ती सोय बकिट या प्रकल्पाने आणली: सर्व्हरमध्ये काही घडले की त्याची ‘घटना’ म्हणून सूचना मिळते, आणि आपला कोड ती सूचना ऐकून तिच्यात बदल करतो किंवा ती रद्द करतो. २०१४ साली स्वामित्वहक्काच्या वादातून बकिटच्या सर्व्हरचे वाटप थांबले. त्यानंतर स्पिगॉटने तयार सर्व्हर वाटण्याऐवजी तो प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर बांधून देणारे साधन काढले. पेपर हा स्पिगॉटमधून निघालेला फाटा आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये, १.२१.४ या आवृत्तीच्या वेळी, त्याने स्पिगॉटपासून पूर्णपणे वेगळे होण्याचा निर्णय जाहीर केला.

नवशिक्याने पेपरपासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. जुन्या बकिटच्या पद्धतीने लिहिलेली बहुतेक प्लगिने त्यावर चालतात, चुकीच्या वेळी चुकीचे काम केले तर तो ती चूक लपवत नाही, आणि त्याचे दस्तऐवज वाचण्याजोगे आहेत. स्पिगॉटसाठी लिहिलेली जुनी ट्यूटोरियल्स पाहून शिकणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की संकल्पना त्याच असल्या तरी संदेश पाठवण्याची आणि कमांड नोंदवण्याची पद्धत पेपरमध्ये बरीच बदलली आहे.

जावाची कोणती आवृत्ती घ्यावी? माझ्या लॅपटॉपवर आधीपासून जावा आहे, ती चालणार नाही का?

खेळाच्या १.१७ आवृत्तीला जावा १६ लागत होता, १.१८ पासून जावा १७ लागू लागला आणि १.२०.५ पासून जावा २१. आम्ही १.२१.४ वापरतो, म्हणून आमच्याकडे सर्वांच्या संगणकांवर जावा २१ चे जेडीके आहे. जेडीके असे मुद्दाम लिहिले आहे, कारण नुसते चालवणारे जेआरई घेतले तर कोड कंपाइल करता येत नाही. अडॉप्टियमचे टेमुरिन हे मोफत मिळणारे जेडीके आमच्या कामाला पुरते.

आधीपासून असलेला जावा बहुधा जावा ८ असतो, प्रॅक्टिकलसाठी कधीतरी टाकलेला आणि नंतर विसरलेला. नवा जावा टाकल्यावरही टर्मिनल जुन्यालाच हाक मारत राहतो, आणि इंटेलिजे (कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर) मात्र स्वतःचा तिसराच जावा वापरत असतो. त्यामुळे ‘इंटेलिजेमध्ये चालते, टर्मिनलमध्ये चालत नाही’ ही तक्रार दर शनिवारी एकदा तरी ऐकू येते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हेअर जावा’ ही कमांड द्यावी. जितके जावा पाथमध्ये आहेत तितक्या ओळी दिसतात, आणि त्यांतली पहिली ओळ ज्याची, तोच जावा चालतो.

मेळ नसला की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ येतो. हा एरर भीतीदायक दिसतो, पण सगळ्यांत प्रामाणिक एरर हाच आहे, कारण नेमके काय बिघडले ते तो आकड्यात सांगतो. त्यात ‘६५.०’ आणि ‘६१.०’ असे दोन आकडे असतात. आकड्यातून ४४ वजा करावेत: ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. पहिला आकडा कोड कशाने कंपाइल झाला ते सांगतो, आणि दुसरा आकडा चालवणारा जावा जास्तीत जास्त कुठवर वाचू शकतो ते. जुन्या जावाने कंपाइल केलेला कोड नव्यावर चालतो. नव्याने केलेला जुन्यावर चालत नाही. आमच्यातल्या एका मुलीने ही वजाबाकी वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवली आहे, आणि तेव्हापासून तिने मला या एररबद्दल काही विचारलेले नाही.

लॅपटॉप किती ताकदीचा लागतो?

८ जीबी रॅम असेल तर सर्व्हर, इंटेलिजे आणि खेळ हे तिन्ही एकाच वेळी कसेबसे चालते. सर्व्हर सुरू करताना त्याला २ जीबी मेमरी नेमून द्यावी आणि तिथेच थांबावे. ‘जास्त दिली तर जास्त पळेल’ या समजुतीने ६ जीबी दिली की विंडोजला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि सगळेच रखडते. दोन-चार खेळाडू आणि एक प्लगिन यांच्या चाचणीसाठी २ जीबी पुरतात.

सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला की लगेच बंद पडतो. काय चुकले?

काहीच चुकलेले नाही. पेपरची जार फाईल (जावाचा बांधून तयार केलेला प्रोग्राम) पहिल्यांदा चालवली की ती मोजांगचा मूळ सर्व्हर उतरवून घेते आणि त्यावर आपले बदल चढवते. म्हणून पहिल्या वेळी इंटरनेट असावेच लागते. त्यानंतर ती ‘युला’ नावाची मजकूर फाईल तयार करून थांबते. ती फाईल उघडून मोजांगच्या अटी वाचाव्यात, मान्य असतील तर ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहावे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. सर्व्हरसाठी वेगळे रिकामे फोल्डर करावे, कारण जार फाईल जिथे असेल तिथेच तो आपला सगळा संसार मांडतो. डाउनलोड्समध्ये चालवणाऱ्याला नंतर आवराआवर करताना पश्चात्ताप होतो. फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरे किंवा मोकळी जागा ठेवू नये, आणि ते फोल्डर क्लाउडशी आपोआप सिंक होणाऱ्या डेस्कटॉपवरही नसावे.

प्रकल्प ग्रेडलने बांधावा की मेव्हनने?

कोडपासून तयार जार बांधून देणारी ही दोन साधने आहेत आणि दोन्ही चालतात. आम्ही ग्रेडल वापरतो, कारण पेपरची स्वतःची साधने त्याला धरून आहेत. यावर वाद घालण्यात शनिवार घालवू नये.

ग्रेडलच्या फाईलमध्ये नेमके काय लिहायचे?

‘बिल्ड डॉट ग्रेडल डॉट केटीएस’ या फाईलमध्ये चार गोष्टी असाव्या लागतात. पहिली, हा जावाचा प्रकल्प आहे ही घोषणा. दुसरी, पेपरच्या रिपॉझिटरीचा पत्ता, कारण पेपरचा एपीआय मेव्हन सेंट्रल या नेहमीच्या भांडारात मिळत नाही आणि हा पत्ता विसरला तर ‘सापडले नाही’ एवढेच उत्तर येते. तिसरी, पेपर एपीआयची अवलंबिता, जिच्या आवृत्तीत खेळाची आवृत्ती आणि त्यापुढे ‘आर०.१ स्नॅपशॉट’ असे लिहिलेले असते. चौथी, जावा टूलचेन २१, म्हणजे कोणत्या जावाने कंपाइल करायचे ते.

अवलंबिता ‘कंपाइल ओन्ली’ म्हणून लिहावी, ‘इम्प्लिमेंटेशन’ म्हणून नव्हे. फरक असा की एपीआय आपल्याला फक्त कंपाइल करताना समोर हवा असतो; प्लगिन चालताना तो सर्व्हर स्वतः पुरवतो. लग्नाच्या हॉलवर जाताना घरून गाद्या-सतरंज्या नेत नाहीत, तसेच हे आहे. दोन्हींचा फरक न कळता एखाद्याने ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहून सगळे एकाच जारमध्ये कोंबले की काही केबींची फाईल काही एमबींची होते, आणि एकाच क्लासच्या दोन प्रती समोरासमोर येऊन भलतेच एरर निघतात.

टूलचेनमध्ये १७ लिहिले आणि एपीआय १.२१.४ चा मागितला, तर ग्रेडल बांधायलाच नकार देतो. हा घटक जावा २१ साठी आहे आणि तुम्ही जावा १७ साठी मागत आहात, असे तो लांबलचक इंग्रजीत सांगतो. मुले ‘बिल्ड फेल्ड’ ही तांबडी ओळ वाचून थांबतात. खरे कारण तिच्या खालच्या ओळींत असते.

ग्रेडल पहिल्या वेळी बरेच काही उतरवून घेतो. हे काम मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करू नये. घरच्या वायफायवर एकदा पूर्ण होऊ द्यावे, पुढे तेच साठवलेले वापरले जाते. प्लगिन बांधण्यासाठी प्रकल्पातल्याच ‘ग्रेडल-डब्ल्यू’ या रॅपरने ‘बिल्ड’ कमांड द्यावी. तयार जार ‘बिल्ड’ फोल्डरमधल्या ‘लिब्स’मध्ये मिळते.

‘प्लगिन डॉट वायएमएल’मध्ये किमान काय असावे?

नाव, आवृत्ती, मुख्य क्लासचा पॅकेजसह पूर्ण पत्ता आणि एपीआयची आवृत्ती. जुन्या पद्धतीने कमांड लिहिणार असाल तर कमांडचे नावही येथेच नोंदवावे लागते. ही फाईल ‘सोर्स’, ‘मेन’, ‘रिसोर्सेस’ या क्रमाने आत असलेल्या फोल्डरमध्येच हवी. कोडच्या फोल्डरमध्ये ठेवली तर ती जारमध्ये जात नाही.

या छोट्याशा फाईलने आमचे जितके तास खाल्ले तितके कोडनेही खाल्ले नसतील. विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा भाग लपवते, त्यामुळे नोटपॅडमध्ये जतन केलेली फाईल प्रत्यक्षात ‘प्लगिन डॉट वायएमएल डॉट टीएक्सटी’ झालेली असते, आणि डोळ्यांना मात्र ती बरोबरच दिसते. वायएमएलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच द्यावी लागते. मुख्य क्लासच्या पत्त्यात एक अक्षर लहानाचे मोठे झाले तरी क्लास सापडत नाही. आणि प्लगिनचे नाव देवनागरीत ठेवता येत नाही. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक, टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर एवढेच चालते. ‘पूल’ हे नाव आम्हालाही त्या फाईलमध्ये रोमन लिपीतच लिहावे लागले.

जार ‘प्लगिन्स’ फोल्डरमध्ये टाकली, एरर नाही, तरी काहीच घडत नाही. असे का?

प्रथम सर्व्हरच्या कन्सोलवर ‘प्लगिन्स’ ही कमांड द्यावी. नाव हिरवे दिसले तर प्लगिन चालू आहे, तांबडे दिसले तर चालू होताना बंद पडले आहे, आणि दिसलेच नाही तर सर्व्हरने ते उचललेलेच नाही. तिसऱ्या परिस्थितीत लॉगच्या सुरुवातीचा भाग वाचावा, शेवटचा नव्हे.

नाव हिरवे असूनही काही घडत नसेल, तर घटना ऐकणारा क्लास नोंदवायचा राहिला असण्याची शक्यता सर्वाधिक. क्लासने ‘लिसनर’ हा इंटरफेस घेतलेला असावा, प्रत्येक पद्धतीच्या (मेथडच्या) डोक्यावर ‘इव्हेंट हँडलर’ हे टिपण (ॲनोटेशन) असावे, आणि मुख्य क्लासच्या ‘ऑन एनेबल’मध्ये तो क्लास प्लगिन मॅनेजरकडे नोंदवलेला असावा. यातले टिपण किंवा नोंदणी विसरली तर ना कंपाइलर बोलतो ना सर्व्हर, कारण कोड चुकीचा नसतो. त्याला कोणी बोलावलेलेच नसते.

पूल वाचवण्यासाठी आम्ही ‘ब्लॉक ब्रेक’ ही घटना ऐकली, ब्लॉक पुलाच्या हद्दीत असेल तर ती रद्द केली आणि काम झाले असे समजलो. दहा मिनिटांत एका मुलाने पुलाच्या तिसऱ्या खांबाशी टीएनटी लावून तो उडवून दाखवला. टीएनटीने फुटलेल्या ब्लॉकसाठी ‘ब्लॉक ब्रेक’ येतच नाही. तिथे ‘एंटिटी एक्स्प्लोड’ ही घटना येते आणि तिच्यातल्या ब्लॉकच्या यादीतून आपले ब्लॉक काढून टाकावे लागतात. त्यानंतर पिस्टनने ढकलण्याचा प्रकार झाला, तो वेगळ्या घटनेत येतो. संरक्षण करणारे प्लगिन लिहायचे असेल तर आपल्या वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाला परीक्षक नेमावे.

कॉन्फिगमध्ये बदल केला तरी सर्व्हर जुनेच आकडे का दाखवतो?

‘पूल’च्या कॉन्फिग फाईलमध्ये आम्ही दोन आकडे ठेवले आहेत: आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. प्रकल्पातल्या फाईलमध्ये आकडा बदलून जार नव्याने बांधली तरी सर्व्हर जुनाच आकडा वाचतो. ‘सेव्ह डिफॉल्ट कॉन्फिग’ ही पद्धत फाईल नसेल तेव्हाच तिची प्रत सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवते; आधीची असेल तर तिला हात लावत नाही. हा दोष नव्हे. सर्व्हर चालवणाऱ्याने स्वतः केलेले बदल पुसले जाऊ नयेत म्हणून तसे आहे. चाचणी करताना सर्व्हरच्या फोल्डरमधली जुनी फाईल काढून टाकावी.

कोड बदलल्यावर ‘रिलोड’ दिले तर चालेल का?

चालेल असे दिसते, म्हणूनच देऊ नये. जुने क्लास मेमरीत लटकत राहतात, सुरू असलेली कामे दुप्पट होऊ शकतात, आणि मग जो दोष कोडमध्ये नाही तो शोधत आपण बसतो. सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू करावा. त्याचा कंटाळा येत असेल तर ग्रेडलचे ‘रन-पेपर’ हे प्लगिन प्रकल्पात जोडावे. त्याच्या ‘रन सर्व्हर’ या एका कमांडने जार बांधली जाते आणि ती घालून चाचणीचा सर्व्हर उभा राहतो.

पाणी चढवण्याची कमांड दिली की सगळा खेळ गोठतो. हे कसे टाळावे?

या प्रश्नापाशी प्लगिन लिहिणाऱ्याला पहिल्यांदा सर्व्हरचे पोट दिसते, म्हणून याला सावकाश उत्तर देतो.

सर्व्हर सेकंदाला २० ठोके घेतो. त्या ठोक्याला टिक म्हणतात, आणि एका टिकच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात. तेवढ्यात सर्व खेळाडूंच्या हालचाली, प्राणी, पाणी, पिके आणि सगळ्या प्लगिनची मुख्य थ्रेडवरची (कामे एकामागून एक उरकणाऱ्या सर्व्हरच्या मुख्य रांगेतली) कामे उरकायची असतात. आपले एकच काम दोन सेकंद चालले तर ४० टिक वाया जातात, आणि तेवढा वेळ सर्व्हरवरचा प्रत्येक जण जागच्या जागी अडकतो. मुख्य थ्रेड ६० सेकंद प्रतिसाद देत नसेल तर मूळच्या सेटिंगनुसार पहारेकरी यंत्रणा सर्व्हर मेला असे समजून तो बंदच करते.

आता आपला हिशेब. खेळातला एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. ४५ फूट म्हणजे १३.७ मीटर, म्हणून १४ थर. नदीचे पात्र आणि घाट धरून १०० बाय १०० ब्लॉकचा भाग घेतला तर १,४०,००० ब्लॉक बदलायचे होतात. आमच्या पहिल्या कोडमध्ये तीन फॉर लूप होते आणि ते सगळे एकाच टिकमध्ये चालत होते. शिवाय बदललेला प्रत्येक ब्लॉक शेजाऱ्याला जागे करत होता आणि पाणी चहूकडे वाहायला निघत होते.

उपाय दोन केले. एक, ब्लॉकचा प्रकार बदलताना दुसऱ्या जागी ‘फॉल्स’ देऊन शेजाऱ्यांना जागे करणे बंद केले. दोन, ‘रन टास्क टायमर’ वापरून प्रत्येक टिकला ५०० ब्लॉक एवढेच काम दिले. १,४०,००० भागिले ५०० म्हणजे २८० टिक, म्हणजे १४ सेकंद. पाणी आता थराथराने वर चढते, खेळ चालू राहतो, आणि दिसायलाही तेच खरे वाटते. पूर काही एका क्षणात येत नाही. एक गंमत मात्र राहते. शेजारी जागे न केल्यामुळे हद्दीवर पाणी काचेच्या भिंतीसारखे उभे असते, आणि कोणी तिथला एक ब्लॉक फोडला की तिथून घळघळा वाहू लागते.

पाचशे हा आकडा पवित्र नाही. १.२१ पासून पेपरमध्ये ‘स्पार्क’ हे मोजमापाचे साधन आतच येते; त्याने एका टिकला किती मिलिसेकंद लागतात ते पाहून आकडा ठरवावा. ५० च्या बरेच खाली राहावे.

मग ते काम सरळ दुसऱ्या थ्रेडवर का टाकू नये?

कारण खेळाचे जग मुख्य थ्रेडच्या मालकीचे आहे. दुसऱ्या थ्रेडवरून ब्लॉक बदलायला गेलात तर पेपर अनेक ठिकाणी तो प्रयत्न पकडून एरर देतो. एरर आला तर उलट बरे. जिथे येत नाही तिथे जग हळूहळू बिघडते. दुसरा थ्रेड जगाला हात न लावणाऱ्या, पण वेळखाऊ कामांसाठी असतो: इंटरनेटवरून माहिती आणणे, डेटाबेसमध्ये लिहिणे, मोठी फाईल वाचणे. अशी माहिती शेड्यूलरच्या ‘असिंक्रोनस’ पद्धतीने मागवावी आणि उत्तर हातात आले की पुढचे काम पुन्हा मुख्य थ्रेडकडे सोपवावे.

चॅटमध्ये मराठी संदेश दाखवता येतात का?

येतात, पण मन मोठे ठेवावे लागते. आधी कोडची बाजू: सर्व फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन कराव्यात आणि ग्रेडललाही कंपाइल करताना तीच एन्कोडिंग सांगावी. जावा १८ पासून ती मुळातच गृहीत धरली जाते. त्याआधी विंडोजवर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येत असे.

आता खेळाची बाजू. खेळात देवनागरी अक्षरे आहेत, पण ती जोडून मांडण्याची समज नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरे सुटी होऊन पायमोडी दिसतात. ‘किल्ला’ लिहिला तर तो किल्ला राहत नाही. हे सर्व्हरवरून दुरुस्त होण्याजोगे नाही. आम्ही पळवाट म्हणून पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे टाळून संदेश लिहितो: ‘सावध राहा, पाणी वाढले’ हे वाक्य बिनधोक जाते. मुलांची शब्दसंपत्ती यामुळे वाढली, हा अनपेक्षित लाभ.

संदेश रंगवण्यासाठी पेपरमध्ये ‘ॲडव्हेंचर’ ही लायब्ररी आतच आहे. जुन्या ट्यूटोरियलमधली कलम-चिन्हाची (§) रंगपद्धत नव्याने शिकू नये.

वीज गेली आणि सगळ्यांचे गुण शून्य झाले. प्लगिनने ते जतन का केले नाहीत?

ही चूक माझीच होती. जुलैतल्या एका संध्याकाळी पाऊस लागला होता, गटागटांची स्पर्धा रंगात आली होती, आणि वीज गेली. जुना डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नव्हता. दोन तासांनी सर्व्हर सुरू केला तेव्हा पूल जागेवर होता, पण गुणफलक कोरा होता, कारण गुण फाईलमध्ये लिहिण्याचे काम मी फक्त ‘ऑन डिसेबल’मध्ये ठेवले होते. ‘ऑन डिसेबल’ सर्व्हर रीतसर थांबवला तरच चालते. वीज गेली, विंडोज अडकली किंवा टर्मिनलची खिडकी तडकाफडकी बंद केली तर तिथवर पाळी येईलच असे नाही.

तेव्हापासून दर ६,००० टिकला, म्हणजे पाच मिनिटांनी, आणि शिवाय गुण बदलला की लगेच, असे दोन्ही वेळा जतन करतो. फाईलमध्ये थेट लिहू नये, कारण अर्धे लिहून झाल्यावर वीज गेली तर जुनेही जाते आणि नवेही. शेजारी तात्पुरती फाईल पूर्ण लिहावी आणि मग तिचे नाव बदलून जुनीच्या जागी ठेवावी. हिशेब वाढला तर एसक्यूलाइट घ्यावे. अर्धवट व्यवहार मागे घेण्याची सोय त्यात आहे. जगाच्या फोल्डरची प्रतही आठवड्याला एकदा दुसऱ्या घरी ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर तळमजल्यावरच्या एकाच कपाटात सगळे ठेवू नये, हे येथे कोणाला वेगळे सांगत नाही.

माझ्या घरातून चालते, पण इस्लामपूरचा मित्र सर्व्हरवर येऊ शकत नाही. पोर्ट उघडला आहे.

सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट २५५६५ असतो. तो राउटरवर पुढे पाठवला असेल आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी असेल, तरीही मित्र येत नसेल, तर राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सेवादात्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात. अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो, आणि अशा वेळी राउटरवर काहीही केले तरी उपयोग नाही. सेवादात्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा, टनेल सेवा वापरावी किंवा भाड्याचा सर्व्हर घ्यावा. कोणताही मार्ग घेतला तरी व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्या खेळाडूंची यादी) चालू ठेवावी.

मित्र मोबाईलवरून खेळत असेल तर कारण वेगळेच आहे. मोबाईलवरचा खेळ बेडरॉक आवृत्तीचा असतो, तो जावा सर्व्हरशी आपणहून बोलू शकत नाही. ‘गायझर’ हे प्लगिन दोघांत दुभाष्याचे काम करते. त्यासाठी १९१३२ हा यूडीपी पोर्टही उघडावा लागतो.

‘ऑनलाइन मोड’ बंद करण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी ऐकू नये. खाते तपासणे थांबले की कोणीही तुमचे नाव धारण करून येऊ शकतो आणि सर्व्हर त्याला तुमचेच अधिकार देतो.

प्लगिनवर पैसे कमावता येतात का?

प्लगिन लिहून देण्याचे पैसे घेणारे लोक आहेत. पण सर्व्हरवरच्या खेळाडूंना पैशाच्या बदल्यात इतरांवर कुरघोडी करता येईल अशा वस्तू विकणे मोजांगच्या अटींत बसत नाही. सुरुवात करण्यापूर्वी त्या अटी मोठ्या माणसाने वाचाव्यात.

एवढे करूनही अडलो, तर मदत कशी मागावी?

‘चालत नाही’ असा निरोप आणि मोबाईलने काढलेला पडद्याचा तिरपा फोटो यांवरून कोणालाही काही सांगता येत नाही. तीन आवृत्त्या आधी लिहाव्यात: ‘जावा व्हर्जन’ कमांडचे उत्तर, सर्व्हरच्या कन्सोलवर ‘व्हर्जन’ दिल्यावर येणारी ओळ, आणि ग्रेडलच्या फाईलमधली पेपर एपीआयची ओळ. पुष्कळदा हे लिहितानाच मुलांना न जुळणारा आकडा दिसतो आणि निरोप पाठवायची वेळच येत नाही.

त्यानंतर ‘लॉग्स’ फोल्डरमधली ‘लेटेस्ट डॉट लॉग’ ही फाईल पूर्ण जोडावी, निवडलेला तुकडा नव्हे. लांबलचक एररमध्ये ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी सर्वांत खालची ओळ आणि त्याखाली आपल्या स्वतःच्या पॅकेजचे नाव असलेली पहिली ओळ शोधावी, तिच्या शेवटी कंसात आपल्या फाईलमधल्या ओळीचा क्रमांक असतो. फाईल पाठवण्यापूर्वी तिच्यात खेळाडूंच्या नावांपुढे आलेले आयपी पत्ते खोडून टाकावेत.